उसवून पुन्हा विणताना : प्रस्तावना

विणकामाची पुस्तके मी मराठीत, हिंदीत, इंग्रजीत हाती लागतील तेवढी वाचली आहेत. टाके कसे घालावेत, मुंड्यासाठी टाके कसे कमी करावेत, गळ्याच्या पट्टीसाठी टाके कसे उचलावेत, हे सगळे त्यांत सविस्तर असते. आकृत्या असतात, सुईसुईचा हिशेब असतो. चुकीचा विषय निघाला की मात्र एकच वाक्य येते : तेवढा भाग उसवून पुन्हा विणावा. आणि लगेच पुढची वीण सुरू होते.

विणकाम शिकवायला लागल्यापासून एक गोष्ट लक्षात येत गेली, की बायका विणकाम सोडतात ते बहुधा याच वाक्यापाशी. घरोघरी कपाटाच्या वरच्या खणात एक पिशवी असते. तिच्यात सुयांसकट स्वेटरची पाठ असते, एक बाही असते, उरलेली लोकर असते. अर्धवट का राहिले म्हणून विचारले तर वेळ मिळत नाही, असे उत्तर येते. पिशवी उघडून बसलो की त्या विणकामात कुठेतरी चूक सापडते, आणि ती चूक त्या बाईला केव्हाच दिसलेली असते. विणायला तिच्याकडे वेळ असतो. उसवायला बसण्याचे बळ मात्र एकटीला गोळा करता येत नाही, कारण उसवायचे कसे हे तिला कोणी शिकवलेलेच नसते. हे पुस्तक त्या एका वाक्याचा विस्तार आहे.

सुरुवात विणकामाच्या रचनेपासून करायला हवी, कारण धीर कुठून आणायचा याचे पहिले उत्तर तिथेच आहे. मागावरच्या कापडात उभे आणि आडवे असे दोन धागे एकमेकांना ओलांडतात. सुयांवरच्या विणकामात धागा एकच असतो. त्याचा एक फासा, त्या फाशातून ओढलेला दुसरा फासा, दुसऱ्यातून तिसरा. प्रत्येक टाका त्याच्या वरच्या टाक्यामुळे जागेवर राहतो आणि सर्वांत वरची ओळ सुईमुळे. सुई काढली, धाग्याचे टोक ओढले, की आलेल्या वाटेनेच सगळे परत जाते. धागा कुठे कापलेला नसतो, कुठे गाठलेला नसतो.

हे सर्व प्रकारच्या विणींना साधत नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इजिप्तमध्ये सापडलेले लालसर लोकरी मोजे आहेत. ते इसवी सनाच्या तिसऱ्या ते पाचव्या शतकांदरम्यानचे मानले जातात. पट्ट्याची चप्पल घालता यावी म्हणून अंगठ्यापाशी दुभागलेले हे मोजे पाहताना ते दोन सुयांवर विणले असावेत असे वाटते, पण तसे नाही. ते एकाच जाड सुईने, धाग्याचा लहान तुकडा घेऊन, प्रत्येक फाशातून अख्खा धागा पार नेऊन केलेले आहेत. तुकडा संपला की दुसरा जोडायचा. अशी वीण टोक ओढून उसवत नाही. उलट आवळत जाते. ती मागे न्यायची तर प्रत्येक टाक्यातून तितकाच धागा पुन्हा बाहेर काढावा लागतो. त्याच इजिप्तमध्ये काही शतकांनंतरचे सुती मोजे मिळाले आहेत, निळ्या-पांढऱ्या नक्षीचे, आणि ते मात्र आपल्या ओळखीच्या पद्धतीने विणलेले आहेत. या पद्धतीमुळे हाताचा वेग वाढला, धाग्याचे तुकडे करावे लागेनात, आणि एक गुण त्याबरोबर आपोआप आला : विणलेले सगळे परत धागा होऊ शकते.

हा गुण आपण दोष म्हणून ओळखतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. ब्लाउज बेतताना कात्री एकदा चुकीची चालली की ते कापड वाया गेले. विणणाऱ्या बाईला तिची सगळी लोकर जवळजवळ इंचाइंचाने परत मिळते. तिचा वेळ जातो, हे खरे. पण त्या वेळात ती जे शिकली ते हातातच राहिलेले असते.

आपल्या आधीच्या पिढीतल्या बायकांना हे सांगावे लागत नव्हते. पुण्या-नाशकाकडच्या, खानदेशातल्या, विदर्भातल्या घरांतून दिवाळी सरली की ट्रंकेतले स्वेटर बाहेर निघायचे आणि पोरांच्या अंगाला लावून बघितले जायचे. बाही मनगटाच्या वर आली असेल, छाती घट्ट होत असेल, तर तो स्वेटर उसवायला काढायचा. त्यात काही चुकलेले नसायचे. मूल वाढलेले असायचे, इतकेच. दुपारची झाकपाक झाली की बाजूची शिवण सुईच्या टोकाने उकलायची, बाह्या सुट्या करायच्या, खांद्याकडून बंद केलेले टाके शोधायचे आणि टोक हाती आले की ओढायला लागायचे. एखादे पोर दोन्ही हात पुढे करून समोर बसवलेले असायचे आणि त्याच्या हातांवर लडी चढत जायची. पोर कंटाळून पळाले की खुर्चीची पाठ. लडी चार ठिकाणी सैलसर बांधायची, कोमट पाण्यात बुडवायची, न पिळता दाबून पाणी काढायचे आणि सावलीत दांडीवर टाकायची. खाली ओल्या टॉवेलचे किंवा एखाद्या लहान तांब्याचे वजन अडकवायचे, म्हणजे लोकर वाळता वाळता सरळ होते.

पोर वाढलेले, म्हणून लोकर कमी पडायची. मग त्यात दुसऱ्या रंगाच्या पट्ट्या यायच्या. कोपरापाशी झिजलेली लोकर बाजूला काढून ती आतल्या जागी, जिथे ताण पडणार नाही अशा ठिकाणी वापरायची. अनेक घरांतल्या जुन्या फोटोंमध्ये भावंडांच्या अंगावर हे पट्ट्यापट्ट्यांचे स्वेटर दिसतात. त्या पट्ट्या हौसेच्या वाटतात, पण त्यांतल्या कितीतरी मागच्या वर्षीच्या स्वेटरची पुरवणी असतात. मोठ्याचा स्वेटर उसवून धाकट्याचा, धाकट्याचा उसवून टोपरे आणि मोजे, आणि उरलेल्या चिमूट चिमूट लोकरीचे चौकोन जोडून पांघरूण, हा क्रम कोणी लिहून ठेवलेला नव्हता. तो वर्षाच्या कामांत बसलेला होता.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये हीच गोष्ट सरकारला सांगावी लागली. तिथे 1 जून 1941 पासून कपड्यांवर रेशन आले, विणायच्या लोकरीलाही कुपने द्यावी लागू लागली, आणि जुने स्वेटर उसवून नवे विणा, असा प्रचार सुरू झाला. 1943 साली ‘मेक डू अँड मेंड’ नावाची पुस्तिका निघाली. आपल्याकडे अशा पुस्तिकेची गरज पडली नाही, कारण आईचे हात बघून मुली शिकत होत्या. त्या मुलींना विणण्याआधी उसवणे माहीत असायचे. लडी धरून बसण्याच्या वयात त्यांनी अख्खा स्वेटर नाहीसा होताना आणि महिन्याभराने दुसरा होऊन आलेला बघितलेला असायचा. पुढे स्वतःच्या हातून पहिली चूक झाली की त्यांना धक्का बसत नसे. आपण त्या बायकांना सोशिक म्हणतो. मला वाटते त्यांच्यात आपल्याहून वेगळा स्वभाव नव्हता. त्यांना उसवण्याची सवय होती आणि त्या सवयीतून धीर येत होता.

मग लुधियानाचे तयार स्वेटर स्वस्तात मिळू लागले. थंडीच्या तोंडावर रस्त्याकडेला त्यांचे ढीग लागू लागले आणि घरचा स्वेटर ही गरज उरली नाही. याबद्दल मी हळहळणार नाही. कित्येक बायकांच्या मानेला आणि डोळ्यांना त्यामुळे विश्रांती मिळाली. जुने लोकरी कपडे आता पानिपतला जातात. तिथे ते यंत्रात फाडून त्यांचे तंतू सुटे करतात आणि पुन्हा सूत काढून घोंगड्या-ब्लँकेटे बनवतात. ही युक्ती इंग्लंडमधल्या बॅटली गावच्या बेंजामिन लॉ याने 1813 साली काढली. फाडण्यात तंतू तुटून आखूड होतात, म्हणून ते सूत मूळ लोकरीइतके चिवट राहत नाही. हाताने उसवलेली लोकर मात्र अखंड राहते. तयार स्वेटर उसवून लोकर काढायची हौस असेल तर आधी त्याची शिवण उलटून बघावी. आत ओव्हरलॉकची दाट शिवण असेल तर तो भाग विणलेल्या कापडातून कातरलेला आहे. तो उसवला की प्रत्येक ओळीचा सुटा तुकडा हाती येईल.

आज विणायला शिकणाऱ्या मुली नवी लोकर विकत आणतात, आवडीने आणतात, भारी आणतात. त्यांनी जुना स्वेटर कधी उसवलेला नसतो. त्यांच्या आयुष्यात उसवणे पहिल्यांदा येते ते चूक झाल्यावर, त्यामुळे उसवणे म्हणजे हार असे समीकरण मनात बसते. हे समीकरण मोडायला हवे, असे मला कळकळीने वाटते, आणि या पुस्तकाची सगळी मांडणी त्याच हेतूने केली आहे.

चूक दिसल्यावर पहिले काम म्हणजे तिची जात ओळखणे. सगळ्या चुकांना उसवावे लागत नाही. एखादा टाका सुटला आणि ओळीओळीने खाली उतरत गेला, तर घाबरून सुई ओढून घेऊ नये. क्रोशाच्या सुईने तो एकेक पायरी वर चढवता येतो. दहा ओळी खाली सुलटच्या जागी उलट टाका पडला असेल, तरी तेवढा एकच उभा रकाना मुद्दाम खाली सोडून, दुरुस्त करून वर आणता येतो. शेजारच्या टाक्यांना कळतही नाही. याच ओळीत किंवा मागच्या ओळीत घोटाळा असेल तर सुई न काढता एकेक टाका मागे घ्यावा. वेणीच्या विणीत पीळ चुकीच्या दिशेला पडला, जाळीच्या विणीत एक वेटोळे राहून गेले, तर मात्र तेवढ्या ओळी उसवणेच बरे. जाळी रकान्यातून दुरुस्त करायला गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. दोन तासांच्या कामाचे त्यांनी दोन दिवस केले.

आणि मग मापाची चूक. हीच खरी परीक्षेची जागा आहे, कारण ती कोणत्याही एका टाक्यात नसते. प्रत्येक टाका बरोबर असतो, वीण देखणी असते, आणि स्वेटर मात्र अंगात शिरत नाही. हिशेब असा आहे. समजा, 10 सेंटीमीटरमध्ये 22 टाके बसतील असे धरून तुम्ही छातीच्या घेरासाठी 220 टाके घातले. घेर 100 सेंटीमीटर यायला हवा. तुमचा हात थोडा सैल असेल आणि 10 सेंटीमीटरमध्ये 20 टाकेच बसत असतील, तर घेर होतो 110. हात घट्ट असेल आणि 24 बसत असतील, तर 92 सुद्धा भरत नाही. दहा सेंटीमीटरच्या चौकोनात दोन टाक्यांचा फरक डोळ्यांना जाणवत नाही. अंगावर तोच फरक स्वेटर झोळी होण्याइतका किंवा डोक्यातून न जाण्याइतका असतो.

यात अलीकडे आणखी एक कारण मिसळले आहे. आपल्याकडे सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे चालत आले आहेत. त्यांत नंबर वाढतो तशी सुई बारीक होते : 8 नंबरची सुई 4 मिलिमीटर, 10 नंबरची 3.25 मिलिमीटर. अमेरिकन नंबर याच्या अगदी उलटे चालतात. त्यांची 8 नंबरची सुई 5 मिलिमीटरची आणि 10 नंबरची 6 मिलिमीटरची. परदेशी नमुना घेऊन इथल्या दुकानातून 8 नंबरच्या सुया आणल्या की पहिल्या ओळीपासूनच माप बिघडते. परदेशात राहणाऱ्या मराठी मुलींचे याच्या उलट होते. आईने पाठवलेल्या वहीतले नंबर त्या तिथल्या दुकानात सांगतात. सुईचा नंबर विसरा आणि मिलिमीटर बघा, असे मी प्रत्येकीला सांगते. नमुन्याचा चौकोन आधी विणा, धुवा, वाळवा आणि मग मोजा, हेही सांगते, आणि वर्गातल्या निम्म्याजणी तो विणत नाहीत. ज्या विणतात त्यांतल्या कित्येकजणी तो न धुताच मोजतात.

मापाची चूक वीतभर विणून झाल्यावर हाताला कळते. डोळ्यांच्या आधी कळते. पाठ मांडीवर पसरताना ती जरा ताणून पसरली जाते, टेप लावताना टोक थोडे पुढे ओढले जाते. या क्षणी हात थांबले तर वीतभरच उसवायचे असते. पण हात थांबत नाहीत. धुतल्यावर सैल होईल, इस्त्रीने बसेल, तो हल्ली बारीक झालाय, अशी कारणे मनात तयार होतात आणि विणणे अधिक भराभर चालू राहते. मोठ्या माणसाच्या स्वेटरची पाठ 110 टाके रुंद आणि 168 ओळी लांब धरली, तर ते 18,480 टाके होतात. त्यांतले निम्मे होऊन गेल्यावर, आता इतके झालेच आहे तर, हे वाक्य येते. या वाक्याने जितके स्वेटर कपाटात गेले तितके कुठल्याच अवघड विणीने गेले नसतील. झालेले टाके झालेच आहेत. पुढच्या टाक्यांचे काय करायचे एवढेच आपल्या हातात असते, आणि चुकीच्या मापावर घातलेला प्रत्येक नवा टाका पुढे उसवायलाच लागणार असतो.

उसवायचे ठरले, की त्यालाही पद्धत आहे. ज्या ओळीपर्यंत काम ठीक आहे ती ओळ शोधावी आणि बोथट सुईत वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा ओवून त्या ओळीच्या प्रत्येक टाक्याच्या उजव्या पायातून तो पार न्यावा. हा आधाराचा दोरा. आता सुई काढून धागा ओढला तरी उसवणे त्या दोऱ्यापाशी आपोआप थांबते. अवघड विणीत हा दोरा ठरावीक ओळींनंतर आधीच घालून ठेवावा. माझ्या पाहण्यात घाबरणाऱ्या हातांना सर्वांत जास्त धीर या दोऱ्याने दिला आहे, कारण नुकसान कुठवर जाणार हे तो आधी सांगतो. दोरा घातला नसेल तर शेवटची एक ओळ राहीपर्यंत ओढावे आणि ती ओळ एकेक टाका सोडवत, विणायच्या सुईपेक्षा बारीक सुईवर उचलावी. मग टाके मोजावेत. उचलताना काही टाके पीळ पडून उलटे चढतात, ते पुढच्या ओळीत सरळ करून घ्यावेत.

ओढता ओढताच लोकर गुंडाळत जावे. जमिनीवर ढीग होऊ दिला की गुंता होतो, आणि मग राग त्या गुंत्यावर निघतो. गुंडा सैल ठेवावा. ताणून गुंडाळलेली लोकर ताणलेलीच राहते आणि विणल्यावर धुतली की आक्रसते. मोहेरसारख्या केसाळ लोकरीचे तंतू शेजारच्या टाक्यांत अडकलेले असतात. ती जोराने ओढली तर तुटते. अशा विणकामाची पिशवी थोडा वेळ फ्रीझरमध्ये ठेवून मग उसवली, तर तंतू जरा सहज सुटतात. हा उपाय विणणाऱ्यांत सर्वत्र चालतो.

उसवलेली लोकर नागमोडी होते. ती तशीच विणायला घेतली तर टाके एकसारखे पडत नाहीत आणि नव्याने काढलेले मापही खोटे निघते. ओल्या केसांची वेणी घालून ती वाळल्यावर सोडली, तर केसांना लाटा पडतात आणि पुन्हा न्हायल्यावर त्या जातात. लोकरीचेही तेच आहे, कारण केस आणि लोकर दोन्ही केराटिन या प्रथिनाचेच बनलेले. पाण्याने त्यातले काही कच्चे बंध सुटतात आणि वाळताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. म्हणून लडी, कोमट पाणी, सावली. आपल्या बाजारात मिळणाऱ्या विणायच्या धाग्यात ॲक्रिलिक फार असते आणि त्याला हा नियम पुरेसा लागू पडत नाही. पाण्याने त्याच्या लाटा थोड्याच जातात, वाफेने जास्त जातात. पण वाफ दुरून द्यावी. इस्त्री टेकवली किंवा वाफ फार झाली, तर ॲक्रिलिकची उभारी कायमची जाते आणि ते लुळे पडते. कोणता धागा आहे ते ठाऊक नसेल तर आधी हातभर तुकड्यावर करून बघावे.

लडी वाळायला एक-दोन दिवस लागतात, पावसाळ्यात त्याहून जास्त. हे दिवस मला फार मोलाचे वाटतात. विणकाम मन शांत करते, असे सगळीकडे बोलले जाते. शांत मनाने विणताना ते खरे असेल. उसवून झाल्याच्या रात्री मन शांत नसते, आणि त्या वेळी कोणी शांत हो म्हटले तर आणखीच चिडचिड होते. चिडलेला हात घट्ट विणतो, हे टाक्यांत स्पष्ट दिसते. त्याच रात्री पुन्हा टाके घातले तर पहिल्या चार बोटांची वीण वरच्या विणीशी जुळत नाही. लोकर वाळायला लागणारा वेळ हा हातालाही लागतो. तुम्हाला धीर धरायचा नसतो, लडी दांडीवर असते, विणता येतच नाही, आणि तेवढ्यात राग ओसरतो. जुन्या बायका लोकर धुवायचीच म्हणत, त्यामागे लोकरीची काळजी होती. माझ्या मते त्याने विणणारीचीही काळजी घेतली जात होती.

या मधल्या दिवसांत वही उघडावी. काय चुकले, किती टाके घातले होते, दहा सेंटीमीटरमध्ये खरोखर किती बसत होते, हे लिहावे. एलिझाबेथ झिमरमन या विणकाम-लेखिकेचे ‘निटिंग विदाऊट टिअर्स’ हे पुस्तक 1971 साली आले. छातीच्या घेराचे टाके हा पाया धरून बाही, मनगट, गळा यांचे टाके त्याच्या टक्केवारीत काढायचे, अशी पद्धत तिने घडवली. ती मला प्रिय आहे, कारण छापील नमुन्याची आज्ञा पाळणारी बाई चुकली की तिला काय चुकले ते कळत नाही. स्वतः हिशेब मांडलेली बाई नेमक्या आकड्यावर बोट ठेवू शकते. बार्बरा वॉकरचे ‘निटिंग फ्रॉम द टॉप’ 1972 चे. गळ्यापासून खाली विणत जायचे आणि मध्येच अंगात घालून बघायचे. उसवणे नेहमी बंद केलेल्या टोकाकडून सुरू होते, त्यामुळे असा स्वेटर किंवा बाही पुढच्या वर्षी आखूड झाली, तर फक्त खालची पट्टी उसवून लांबी वाढवता येते. वाढत्या मुलांच्या घरात याहून सोयीचे काही नाही. आपल्याकडच्या खालून वर विणण्याच्या रिवाजात हे जमत नाही, म्हणून या पद्धतीला मी एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

उसवू नये अशाही वेळा असतात आणि त्या मी तितक्याच आग्रहाने सांगते. तान्ह्या बाळाचा स्वेटर चार-सहा महिनेच अंगाला येतो. त्याच्या पाठीवर एक टाका उलटा पडला म्हणून तो उसवत बसलात तर बाळ पुढे निघून जाईल. चूक दोन हातांवरून दिसत नसेल, मापाला धक्का लावत नसेल, टाका सुटून पुढे उसवत जाण्यासारखी नसेल, तर ती राहू द्यावी. काहीजणींना उसवण्याचेच व्यसन लागते. त्यांच्या हातून बॉर्डर अप्रतिम होते आणि तीच पाच वेळा होते, स्वेटर काही होत नाही. त्यामागे भीती असते : पुढे मुंडा आहे, गळा आहे, तिथे चुकेल. अशा मुलींना मी उसवायची मनाई करते आणि चुकांसकट एक स्वेटर पुरा करून घालायला लावते.

दुसऱ्यांदा विणताना काय घडते, हे मला या पुस्तकात सगळ्यात मन लावून लिहावेसे वाटले. पहिल्या खेपेला डोळे कागदावर असतात. दुसऱ्या खेपेला हात वीण ओळखतो, कोणत्या सुईला टाके कमी करायचे ते मोजण्याआधी लक्षात येते, आणि चूक झालीच तर तिथल्या तिथे दिसते. काम दुसऱ्यांदा निम्म्या वेळात होते असे मी म्हणणार नाही. प्रत्येकीचा हात वेगळा. पण दुसऱ्यांदा विणलेली पाठ आणि पहिल्यांदा विणलेली बाही एकाच स्वेटरला जोडली तर शिकलेल्या डोळ्याला दोन्हींतला फरक दिसतो. म्हणून पाठ उसवून पुन्हा विणली असेल तर आधीची बाहीही एकदा तपासावी.

पुस्तकाची रचना चुकांच्या क्रमाने केली आहे, विणींच्या क्रमाने नाही. आधी सुटलेला टाका, मग ओळीतली चूक, मग नक्षीतली, शेवटी मापाची. लोकर धुण्यावाळवण्याचे प्रकरण मधोमध ठेवले आहे, ते वगळू नये. जुना स्वेटर उसवून नवा विणण्याचा एक पूर्ण प्रयोग शेवटी आहे. त्यासाठी घरातला कोणाचातरी हातविणीचा, आता न होणारा स्वेटर लागेल. तो ज्यांनी विणला त्या घरात असतील तर त्यांच्याजवळ बसून उसवावा. शिवण कुठून उकलायची ते त्यांना आठवत असते. माझ्या वर्गातल्या बायकांनी आपापल्या कपाटांतल्या पिशव्या माझ्यापुढे उघडल्या, त्यांतल्या चुका मला तपासू दिल्या, त्यांचे ऋण मोठे आहे.

पहिल्या धड्यासाठी चांगली लोकर आणू नका. घरात पडलेला कोणताही गुंडा घ्या, 4 मिलिमीटरच्या सुयांवर 30 टाके घाला, 20 सुया सुलट-उलट विणा. दहाव्या सुईच्या टाक्यांतून आधाराचा दोरा ओवा. मग सुई पूर्ण काढून बाजूला ठेवा आणि धागा ओढायला सुरुवात करा.